बाबा खुर्चीतून उठतात

चहाच्या वेळी एक विषय निघाला की मी कप घेऊन खिडकीपाशी जाते. विषय म्हणजे तो दोन पडद्यांचा, पुस्तकासारखा मिटणारा, हातात मावणारा गेमचा डबा. नेमकं सांगायचं तर त्या डब्यात असलेली, हलती चित्रं काढायची वही.

आमचा स्टुडिओ कारेलीबागेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं; पाच टेबलं, एक एसी आणि आमचे सर. दवाखाने, शाळा, फरसाणवाले यांच्यासाठी आम्ही छोट्या ॲनिमेशन फिल्म करतो. सर सोडले तर मी सगळ्यात मोठी. बाकीची चारही पोरं पंचविशीच्या आतली आहेत आणि त्या वहीबद्दल ती देवळात बोलावं तशा आवाजात बोलतात. काळा, लाल आणि निळा असे मोजके रंग, ठिपक्याठिपक्यांची जाड रेघ, मागच्या फ्रेमची राखाडी सावली, आणि अंगठ्यानं बटणं दाबत पुढेमागे करून बघायचं. एवढ्याशा साधनावर जगभरातल्या शाळकरी मुलांनी लाखो चित्रं हलवली. ती ठेवायची इंटरनेटवरची जागा कंपनीनं पुढे बंद केली, पण काही वेड्या लोकांनी त्याआधीच सगळं उतरवून घेतलं. आता आमची पोरं लॅपटॉपवर ते जुनं काम लावतात आणि म्हणतात, हा बघा, हा आता परदेशात सिनेमे करतो, त्यानं सुरुवात इथूनच केली.

त्या सगळ्यांचा मला हेवा वाटतो. आमच्या घरी तेव्हा वायफाय नव्हतं, त्यामुळे आमचं एकही चित्र त्या जगात पोचलं नाही. पण हा हेवा किरकोळ. खरा हेवा मला घरबसल्या मिळाला होता, त्यासाठी कुठे जावं लागलं नाही.

मी आठवीत होते आणि माझी धाकटी बहीण चौथीत. अमेरिकेतल्या आत्यानं येताना तो डबा आणला. एकच आणला. दोघी बहिणी आहेत, वाटून खेळतील, असं तिनं ठरवलं. तिला स्वतःला बहीण नाही, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नाही. चार दिवसांत आमची इतकी भांडणं झाली की बाबांनी मध्यस्थी केली. बाबा रेल्वेत होते, माणसं कामावर कधी येणार आणि कधी जाणार याचे तक्ते बनवणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी आमचाही तक्ता केला. सम तारखा माझ्या, विषम तारखा तिच्या. कागदावर लिहून, खाली दोघींच्या सह्या घेऊन तो फ्रिजला चिकटवला.

मला ते न्यायाचं वाटलं. महिना संपेपर्यंतच. एकतीस तारीख विषम, एक तारीखही विषम. म्हणजे महिन्याच्या शेवटी डबा दोन दिवस सलग तिच्याकडे. असे महिने वर्षात सात. मी कॅलेंडर घेऊन बाबांकडे गेले आणि एकतीस तारीख सुट्टीची धरावी अशी मागणी केली. बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "एकतीस तारखेला गाड्या बंद ठेवत नाहीत." आई स्वयंपाकघरात हसली. बहिणीला तर आपल्याला जास्तीचा दिवस मिळतोय हे कळलंही नव्हतं, ते मी तिला समजावलं.

मी त्या डब्यात मन लावून काम करायचे. चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, दोन्हीत पहिली श्रेणी होती, आणि घरी कोणी आलं की आई माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायची, "ही आमची आर्टिस्ट." बहिणीची ओळख "आणि ही धाकटी" अशी व्हायची. ही विभागणी मला मान्य होती. मी कमळ उमलवलं. पणतीची ज्योत हलवली. पुन्हा एक कमळ, या वेळी दवबिंदूसहित. माझ्या रेघा अशा की पट्टीनं मारल्यात वाटावं. लोक बघायचे, "छान आहे हं" म्हणायचे आणि डबा परत द्यायचे.

बहीण झोपाळ्याखाली पोटावर पडून काढायची. काढायची म्हणजे काय, खरवडायची. तिची वर्तुळं बटाट्यासारखी, माणसांना कधी पाच बोटं, कधी तीन. मागच्या फ्रेमची सावली दिसत असूनही ती नवी रेघ तिच्यावर आणायचीच नाही, शेजारून न्यायची. त्यामुळे तिच्या चित्रातलं सगळं सतत थरथरायचं. मी तिला दोनदा समजावलं की असं करत नाहीत. ती "हो ताई" म्हणाली आणि तसंच करत राहिली.

मग एका महिन्याच्या एकतीस आणि पुढच्याच्या एक तारखेला, म्हणजे ज्या दोन दिवसांत मला डब्याला हात लावता येत नव्हता त्या दिवसांत, तिनं बाबा काढले. बाबा खुर्चीतून उठतात, एवढंच. पण त्याआधी त्यांचा एक पाय खुर्चीखाली चप्पल शोधतो. अंगठा इकडे चाचपतो, तिकडे चाचपतो, एक चप्पल मिळते, दुसरी मिळत नाही. मग ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात, अर्धे उठतात, पुन्हा बसतात, जणू काही आठवलं, आणि मग एका पायात चप्पल घालून उठतात. बस. चाळीसेक फ्रेम असतील.

आईनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. बाबांनी तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघताना ते हसायचे थांबले आणि स्वतःच्या पायाकडे बघायला लागले. शेजारच्या गुजराती मासी वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनीही बघितलं आणि म्हणाल्या, "आ तो तमारा साहेब ज छे." मग डबा खालच्या मजल्यावर गेला, तिथून समोरच्या घरी गेला. माझं कमळ उंबऱ्याबाहेर कधी गेलं नव्हतं.

त्या रात्री मला काय झालं ते मी मोठी झाल्यावर बरीच वर्षं वेगळ्या शब्दांत सांगत आले: वाईट वाटलं, नवल वाटलं, धडा मिळाला. खोटं आहे ते. मी जळले. ताप आल्यासारखी जळले. मी रोज दोन तास बसून शिकलेली गोष्ट या पोरीला पोटावर पडून येत होती, आणि येते हे तिला माहीतही नव्हतं. नऊ वर्षांची असताना तिनं बाबांचा अंगठा बघितला होता. मी तेरा वर्षांत बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन तारीख होती, माझी. बहीण शाळेत होती, मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. तिचं चित्र उघडलं आणि दुरुस्त करायला घेतलं. दुरुस्त हाच शब्द मी मनात वापरला. प्रत्येक फ्रेमवर माझी स्वच्छ रेघ फिरवली, खुर्चीचे चार पाय सरळ केले, बाबांचं डोकं गोल केलं, हाताला नीट पाच बोटं दिली, तिच्या रेघा पुसून टाकल्या. दुपारी सेव्ह केलं आणि लावून बघितलं. बाबा लिफ्टसारखे वर आले. अंगठा होता, चप्पल होती, सगळं होतं आणि त्यात बाबा कुठेच नव्हते. मला ते लगेच कळलं, कारण डोळे माझे चांगले आहेत, त्याबद्दल मी स्वतःला कमी लेखत नाही. कळलं आणि मी डबा मिटून ठेवला.

बहीण संध्याकाळी आली. तिनं चित्र दोनदा बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते.

"खुर्ची सरळ झाली," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

त्यानंतर तिनं दोनचार महिने काहीबाही काढलं, मग ते कमी झालं, मग थांबलं. पुढे विषम तारखाही मलाच मिळायला लागल्या. मी फाइन आर्ट्सला गेले, तिनं फार्मसी केली. आता ती वाघोडियाला औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, गोळ्या वजनात आहेत की नाहीत ते बघते आणि कंपनीच्या बसनं जाते-येते. मी मात्र सगळी वर्षं एक गोष्ट उराशी धरून राहिले: घरात दोन चित्रकार होते आणि त्यातली खरी मी मारली. लाज वाटायची त्याची. पण लाजेच्या तळाशी एक समाधानही होतं, ते आज लिहून टाकते. जिला मारावं लागावं अशी कोणी माझ्यासमोर होती, म्हणजे मीही त्या झगड्यात होते, असं काहीतरी.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका फरसाणवाल्यांचं काम आलं. त्यांच्या मुलाला त्या जुन्या डब्यातल्या चित्रांसारखी फिल्म हवी होती, तीच जाड थरथरती रेघ, तेच तीन रंग. पोरं खुश झाली. पण सरांनी काम माझ्याकडे दिलं, कारण त्या डब्यात त्या काळी खरोखर काढलेलं माणूस स्टुडिओत मी एकटीच. बाकीच्यांनी फक्त बघितलेलं. नमुन्याला एक शॉट हवा होता: माणूस शेवउसळीवर शेव भुरभुरवतो आणि बोट चाटतो.

आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ आपोआप थरथरवणारा ब्रश मिळतो. मी नीट चित्र काढलं आणि तो ब्रश लावला. सरांनी बघितलं, मान वाकडी करून पुन्हा बघितलं. आमचे सर ओरडत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं. "ध्रूजे छे खरुं," ते म्हणाले, "पण जीवतुं नथी लागतुं." थरथरतंय खरं, पण जिवंत वाटत नाही. सोमवारपर्यंत दुसरं करून आणा, नाहीतर पोरांपैकी कोणाला तरी देऊ, असंही म्हणाले. मी मान हलवली. बारा वर्षं झाली, कॉलेजपासून मी हेच करते आहे. हातात सफाई इतकी बसली आहे की आता वाकडी रेघ काढायला गेले तर तीही मोजून वाकडी येते.

रविवारी मी शहरातल्याच समा भागात, आईकडे गेले. बहीणही सुट्टीची म्हणून येणार होती, ते मला माहीत होतं. आईनं कपाटातून स्टीलचा डबा काढला, त्यात रुमालात गुंडाळलेला तो गेम, चार्जर, बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं पाकीट. आमच्या घरात बंद पडलेलं काही टाकत नाहीत, आणि हा तर बंदही पडला नव्हता. चार्जरला लावला, तासाभरात चालू झाला. यादीत माझी कमळं ओळीनं बसली होती. अकरा कमळं. खाली ती खुर्ची, माझ्या सुबक हातातली.

बहीण आली, जेवली, आणि मी तिला सांगितलं की मला एक शॉट हवा आहे, जमलं तर बघ. इतकं सहज म्हणाले की मलाच कौतुक वाटलं. ती म्हणाली, "अगं, मी काय काढणार, किती वर्षं झाली," आणि काढायला लागली. झोपाळ्याखाली आता ती मावत नाही, झोपाळ्यावरच पाय वर घेऊन बसली. आई शेंगा सोलत होती. बहीण काढता काढता आईला सांगत होती की कंपनीनं बसची वेळ बदलली आहे, आता सव्वासहाला स्टॉपवर उभं राहावं लागतं, एक बाई रोज उशिरा येते आणि ड्रायव्हर रोज थांबतो. तिचं लक्ष निम्मंच डब्यात होतं. मी सगळं लक्ष लावून तिच्या हाताकडे बघत होते.

अर्ध्या तासात तिनं माझ्या हातात दिलं. माणूस शेव भुरभुरवतो. बोट तोंडाकडे नेतो, आणि थांबतो. आधी डावीकडे बघतो, कोणी बघत नाही ना. मग चाटतो. मग उजवीकडे बघायचं राहिलंच होतं हे त्याला आठवतं.

मी ते किती वेळा लावलं कोण जाणे. मी पुन्हा जळले, तेरा वर्षांची असताना जळले होते तशीच. वयानं ते जराही निवलं नव्हतं. उजवीकडे बघायचं राहिलं, हे मला जन्मात सुचलं नसतं. आणि तिला ते बसच्या वेळा सांगता सांगता सुचलं होतं.

आई शेंगांची सालं टाकायला आत गेली, तेव्हा मी बोलून टाकलं.

"तुझी ती बाबांची खुर्ची मी मुद्दाम बिघडवली होती. दुरुस्त नव्हती केली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तू मग काढणंच सोडलंस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले आहे. "त्यानं कशाला सोडीन? मी सायकल शिकले ना तेव्हा. मग खाली खेळायला जायचे." मग तिनं स्टीलच्या डब्यातलं कॅमेऱ्याचं पाकीट उघडलं, आतलं छोटं कार्ड काढून गेममध्ये घातलं आणि गेम माझ्याकडे सरकवला. "आणि बिघडली कुठे? मी एक तारखेलाच याच्यावर कॉपी करून ठेवली होती. दोन तारीख तुझी होती ना."

ते तिथे होतं. बटाट्यासारखं डोकं, तीन बोटं, वाकडी खुर्ची, आणि चप्पल शोधणारा बाबांचा अंगठा. ती नऊ वर्षांची होती आणि मी काय करणार हे तिला माहीत होतं. माहीत असून तिनं भांडण केलं नाही, आईला सांगितलं नाही, नुसती कॉपी करून ठेवली आणि सायकल शिकायला गेली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांचा गुन्हा घडलाच नव्हता. त्याऐवजी मला त्या पोरीचा असा राग आला की मी उठून पाणी प्यायले. तिचं काही बिघडवणंही मला जमलं नव्हतं.

"हे घेऊन जा," निघताना ती म्हणाली. "सरांना तूच काढलंस म्हणून सांग. माझं नाव कशाला मध्ये?"

सोमवारी सरांनी तो शॉट बघितला. या वेळी मान वाकडी केली नाही. चारही पोरांना बोलावलं, पोरं हसली, एकजण म्हणाला की हे तर अगदी त्या काळातलं वाटतं. सरांनी मला विचारलं, "कोणे कर्युं?"

मी "मी" म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मला तो माणूस दिसला, बोट चाटण्याआधी डावीकडे बघणारा, आणि मी म्हणाले, "माझ्या बहिणीनं." सरांनी ती काय करते ते विचारलं, मी सांगितलं, त्यांचा विश्वास बसला नाही. अजून अकरा शॉट हवे होते. तिला घरून रविवारी करू दे, काही हरकत नाही, तिला विचार, असं म्हणाले.

मी खिडकीपाशी जाऊन तिला फोन लावला. ती कॅन्टीनमध्ये होती, मागे थाळ्यांचा आवाज येत होता. मी नीट सांगितलं, सर काय म्हणाले, पोरं कशी हसली, नाव तिचं येईल, पुढेही काम मिळेल. एकही गोष्ट गाळली नाही. प्रत्येक वाक्यानंतर मला वाटत होतं, आता ती हो म्हणेल आणि माझं टेबल गेलं.

"नाही गं," ती म्हणाली. "रविवारी मला झोपायचं असतं. एखादं ठीक आहे, अकरा कोण काढणार? तू काढ ना."

"तुला आवडलं होतं ना काढताना?"

"ठीक होतं. मला येतं, पण त्यात काय आवडायचंय? तुला आवडतं, तू कर."

मला हायसं वाटलं. आधी हायसंच वाटलं, ते लपवून उपयोग नाही. मी सरांना जाऊन सांगितलं की ती येणार नाही, आणि सर म्हणाले, बरं, मग तुम्हीच करा. अशा रीतीनं काम माझ्याकडे आलं. तिनं नको म्हटल्यावर. कॉलेज, हे टेबल, आईच्या तोंडचं ते "आमची आर्टिस्ट", सगळं माझ्याकडे असंच आलं असणार, तिला नको होतं म्हणून. मी इतकी वर्षं तिच्याशी झगडत होते आणि ती मैदानात नव्हतीच. एकदा तरी तिनं हे माझ्याकडे मागायला हवं होतं. हट्टानं, रडून, ओढून. मग मी दिलं नसतं, आणि ते माझं झालं असतं.